वाम नसल्याचा दाखला

आमची चाळ घाटकोपरच्या डोंगरावर आणि नळ डोंगराच्या पायथ्याशी. मधल्या पायऱ्या सरकारने बांधल्या नव्हत्या, लोकांनीच दगड रचून केल्या होत्या. घरात आम्ही सहा माणसं. वडील कुर्ल्याच्या एका मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे. संप झाला, मिलचं फाटक बंद झालं आणि वडील घरी बसले ते बसलेच. आई खालच्या सोसायटीत दोन घरी चपात्या लाटायला जाऊ लागली. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि पहाटे कळशी खांद्यावर घेऊन डोंगराच्या पायऱ्या चढणाराही मीच. अर्ध्या बादलीत आंघोळ आणि त्याच पाण्यात फरशी, हा आमच्याकडचा नियम. डोळ्यांत साबण गेला तर तसाच पुसायचा.

म्हणून पुढे मावजीकाका या माझ्या गिऱ्हाइकाच्या माशांच्या टाकीत पहिल्यांदा पाचशे लिटर पाणी भरलं तेव्हा मी नळाखाली पाइप धरून बराच वेळ नुसता उभा होतो. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "माशांना पाइप आणि माणसांना लाइन. चांगलंय!"

मी फिश टँकवाला. टाक्या बसवणं, साफ करणं, आजारी माशांना औषध देणं हे काम मी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत तीस वर्षांच्या वर केलं. प्राणिशास्त्राच्या पदवीवर नोकरी मिळेना, तेव्हा एका दुकानात काचा पुसायला लागलो आणि वर्षभराने स्वतंत्र झालो. पहिली गोष्ट केली ती म्हणजे कार्ड छापून घेतलं. 'वसंत गावडे, बी.एस्सी., प्राणिशास्त्र.' शेजारचा बाळा म्हणाला, "वश्या, माशांचा घरगडी तू, त्याला पदवी कशाला रे?" मी म्हटलं, "घरगडी आहे, पण पास झालेला आहे."

या धंद्यात माणसं विचित्र भेटतात, म्हणजे मासे बरे. मुलुंडच्या एक बाई ग्रहणात टाकीवर चादर टाकायच्या आणि ग्रहण सुटलं की माझ्याकडून पाणी बदलून घ्यायच्या. सांताक्रूझला विमानतळाच्या भिंतीलगत एक निवृत्त बँक मॅनेजर राहत. विमान यायच्या मिनिटभर आधी त्यांचे एंजल मासे तळाला जाऊन बसत. काच थरथरायच्या आधी, आपल्याला आवाज यायच्याही आधी. साहेब हातात घड्याळ घेऊन मला दाखवायचे. मीही शास्त्र सांगायचो, कंपनं, पाण्याचा दाब, वगैरे. एके दिवशी मासे तळाला गेले, पाच मिनिटं झाली, दहा झाली. विमान आलंच नाही. मासे मात्र खालीच. साहेबांनी विचारलं, "गावडे, मग हे कशाला घाबरले?" मी बादली उचलून निघालो.

पण सांगायचं आहे ते मावजीकाकांचं.

मावजीकाका घाटकोपर पूर्वेला राहत. तरुणपणी आफ्रिकेत एका प्रचंड मोठ्या सरोवराच्या काठी त्यांचं किराण्याचं दुकान होतं. तिथलं सगळं आवरून इथे आले, पण सरोवर काही डोक्यातून गेलं नाही. कुणा नातेवाइकाने प्लास्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून तिथले मासे आणून दिले होते. सिक्लिड म्हणतात त्यांना. निळे, पिवळे, पट्ट्यांचे, दिसायला दागिन्यासारखे आणि स्वभावाने नळावरच्या भांडणासारखे. त्यांना जड, म्हणजे क्षारांचं पाणी लागतं. मुंबईचं पाणी पडलं हलकं. म्हणून मी गोराईला जाऊन एका कोळणीकडून कालवांच्या शिंपल्या आणायचो, धुऊन टाकीत टाकायचो. त्या विरघळतात, पाणी जड होतं. हे पुस्तकात वाचलेलं, स्वतः करून पाहिलेलं.

एक दिवस मावजीकाका म्हणाले, "गावडे, यात वाम पायजे."

"काका, वाम? ती बाजारातली, सापासारखी लांबडी?"

"लहान. काटेवाली. सरोवरात खडकाच्या फटीत राहायची. आम्ही होडीतून बघायचो. माछल्या खेळतात, खेळतात, आणि एकदम बाजूला होतात. का? तर फटीत ती हाय. दिसत नाय, पण हाय." मग हसून म्हणाले, "घरात एक तरी न दिसणारं माणूस पायजे. त्याशिवाय घराला धाक नाय."

मी समजावलं. वाम एकतर बारीक रेतीत गाडून घेते, नाहीतर बोटभर फटीतून टाकीबाहेर पडून जमिनीवर सुकून मरते. सिक्लिड तिचे पर कुरतडतात, ती त्यांची पिल्लं खाते. पण गिऱ्हाइकाची हौस. पवईच्या तलावावर जाळं टाकणाऱ्या एका माणसाकडून वीतभर लांबीच्या, पेन्सिलीएवढ्या दोन वामा आणल्या. दगडांच्या गुहा रचल्या, झाकणाच्या सगळ्या फटी बंद केल्या. दोघी पाण्यात गेल्या, एकदा सळसळल्या आणि दगडांमागे नाहीशा झाल्या. मावजीकाकांनी टाळी वाजवली.

इथे टाकीचा तळ समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी आम्ही तळाशी भोकाभोकांची प्लास्टिकची प्लेट अंथरायचो. प्लेटला छोटे पाय असतात, त्यामुळे खाली दोन बोटं पोकळी राहते. प्लेटवर रेती. मागच्या दोन कोपऱ्यांत दोन उभ्या नळ्या, प्लेटमधून निघून पाण्याच्या वरच्या थरापर्यंत येणाऱ्या. नळीत पंपाने हवा सोडली की बुडबुडे पाण्याला वर ओढतात. टाकीचं पाणी रेतीतून गाळून प्लेटखाली जातं आणि नळीतून परत वर येतं. बारीक रेतीने ही प्लेट चोंदते, म्हणून मी जाडी रेती घातली होती. आणि धंद्याचा पहिला नियम असा की चालू टाकीची प्लेट उचलायची नाही. खाली महिनोन्महिन्यांची घाण असते. ती पाण्यात मिसळली तर तासाभरात सगळे मासे उताणे.

तीनएक महिन्यांनी मावजीकाकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला डावा हात आणि डोळे. त्यांची मुलगी इंदूबेन, लग्न न केलेली, तिने त्यांची खुर्ची टाकीच्या डाव्या अंगाला लावून ठेवली. काका दिवसभर तिथे. डाव्या हातातल्या जाड अंगठीने खुर्चीच्या दांड्यावर ठोकायचे. टक. टक. इंदूबेन यायची, काय हवं विचारायची. ते टाकीकडे बोट करायचे.

वामा मात्र मला परत दिसल्या नव्हत्या. आधी मी मनावर घेतलं नाही. मग एकेक गोष्टी जाणवू लागल्या. सिक्लिड रेती उकरणारे मासे, सगळ्या टाकीभर खड्डे करायचे, पण मागच्या डाव्या कोपऱ्यात एक वीतभर जागा ते सोडून देत. तिथली रेती हात फिरवल्यासारखी सपाट. दुपारी साधारण एकाच वेळी सगळे मासे वर येऊन पृष्ठभागाशी थांबत, तोंडं एकाच दिशेला. आणि त्याच कोपऱ्यातल्या नळीचे बुडबुडे थांबत. पंप चालू, उजवी नळी नीट चालू, डावी बंद. जणू आतून कुणी तोंडावर हात ठेवला. मग गुटक असा आवाज येई आणि बुडबुडे पुन्हा सुरू.

मी पंपाचा रबरी पडदा बदलला. पंपापासून येणारी हवेची बारीक नळी बदलली. नळीत बुडबुडे सोडणारा सच्छिद्र हवेचा दगड बदलला. पुन्हा तेच.

झाडूवाली त्या खोलीत यायची बंद झाली. इंदूबेन मला म्हणाली, "गावडेभाई, हसू नका. दुपारी पप्पा झोपले ना, तरी खोलीत कुणी जागं आहे असं वाटतं."

"पंपाचा आवाज येतो, ताई."

"पंप बंद करून पाहिला मी," ती म्हणाली.

मी सगळे दगड काढले. रेती ओंजळीओंजळीने चाळली. वाम नाही. सोफा हलवला, कपाटामागे सुकलेलं काही मिळतं का पाहिलं. नाही. एकदा कोपऱ्यातल्या रेतीत हात खुपसला होता, प्लेट बोटांना लागली आणि वाटलं, प्लेट खालून किंचित उचलली गेली. झोपलेल्या माणसाच्या पोटावर हात ठेवावा तशी. मी हात झटकन बाहेर काढला. मग स्वतःलाच म्हटलं, बी.एस्सी. ना तू? पंपाचा धक्का असणार.

काकांचं ठोकणं वाढत गेलं. दिवसभर टक टक. जेवण तोंडात घेईनात. डोळ्यांतून पाणी, बोट टाकीकडे. इंदूबेनचा भाऊ किशोरभाई वाईट माणूस नव्हता, पण दमला होता. दुकान, दोन लहान मुलं, आणि घरी आलं की हे. एक दिवस मला गॅलरीत घेऊन गेला.

"गावडे, आपण साफ बोलतो. पप्पांचं डोकं गेलं. इंदू मानत नाही. ती म्हणते त्यांना आत काहीतरी दिसतं. काठियावाडला आमच्या गावी वृद्धांचा आश्रम आहे, तिथे ठेवायचं बघतोय. तुम्ही शिकलेला माणूस. खरं सांगा, टाकीत वाम आहे का नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"पक्कं?"

"किशोरभाई, रेतीचा कण न् कण पाहिलाय मी."

"मग लिहून द्या. डॉक्टरला दाखवतो, इंदूलाही दाखवतो."

आता कबूल करतो, मला बरं वाटलं. तोपर्यंत माझ्याकडे लिखित मत कुणी मागितलं नव्हतं. मी पिशवीतून माझ्या नावाचा कागद काढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर टाकीची मी स्वतः कसून तपासणी केली असून टाकीत वाम नाही.' खाली सही, सहीखाली पदवी. त्यात कुणाचा जीव अडकलाय हे लिहिताना मनात आलंच नाही.

आठवड्याने गेलो तर सगळं ठरलेलं. डॉक्टरने कागद वाचून मान हलवली होती, भास होतात म्हणाला होता. येत्या गुरुवारी काकांना गावी नेणार. टाकीलाही गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. इंदूबेनने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. काकांनी ठोकणं थांबवलं होतं. अंगठीचा हात मांडीवर निपचित. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. डाव्या नळीचे बुडबुडे त्या दिवशी आल्यापासून बंद होते. सुरूच झाले नाहीत.

घरी जेवताना मी आईला सांगितलं. आई मालवणकडची, शाळेत कधी गेली नाही. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तू बघलंस खंय खंय?"

"सगळी रेती उपसली, आई."

"आनि रेतीखाली?"

"खाली प्लेट असते."

"आनि प्लेटीखाली?"

"प्लेटखाली घाण असते."

"मगे थंयच आसतली! वाम काय दिवाणखान्यात बसता?" भाकरी तव्यावर टाकून आई माझ्याकडे वळली. "आमच्या बावीत होती वाम. राखणदार. लगीन होयसर मी एकदा पन बघूक नाय तिका. तरी दर अवसेक भाताची शिता सोडू. दिसना नाय म्हणान 'नाय' असा तोंडातसून कोणी काढूक नाय. नाय म्हटला की ती बाव सोडून जाता. आनि तिच्या पाठसून पानी जाता. तू तर लिवन दिलंस, मेल्या!"

वडील कोपऱ्यातून म्हणाले, "बी.एस्सी. ना तो. लिहून देणारच."

मला राग आला. विहिरीची राखणदार वगैरे माझ्या पुस्तकात नव्हतं. पण पायऱ्या उतरताना तिचा एक प्रश्न डोक्यात ठोकत राहिला, त्या अंगठीसारखा. प्लेटखाली?

बुधवारी दुपारी मी न बोलावता गेलो. इंदूबेन काकांचे कपडे ट्रंकेत भरत होती. म्हणाली, "आता काय राहिलं? अजून एक कागद?"

"पाच मिनिटं द्या, ताई."

मी टाकीकडे गेलोच नाही. काकांच्या खुर्चीशेजारी खाली फरशीवर बसलो, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत डोकं आणलं. इतके महिने त्या घरात येत होतो, पण बसलो कधीच नव्हतो. टाकीवाल्याला बसा कोण म्हणतं? मी टाकी नेहमी समोरून, उभ्याने पाहिलेली. खुर्चीतून बाजूची काच दिसत होती आणि त्या काचेला लागून डावी नळी, वरपासून खालपर्यंत. समोरून ती दगडांनी झाकलेली असायची.

पडदे ओढलेले होते. पंप घुमत होता. सगळे मासे वर, पाण्याच्या काठाशी, हलत नव्हते. नळी हिरव्या शेवाळाने धुरकट झाली होती. मला आधी काही दिसलं नाही. मग नळीच्या तोंडाशी शेवाळ हललं. टोकदार नाक. त्याच्यामागे एक बारीक डोळा, पिवळसर, पापणी नसलेला. तो माझ्याकडे बघत नव्हता. काकांकडे बघत होता.

टक, अंगठी वाजली.

मी बारीक रेती घातली नव्हती. जाडी रेती अंगाला टोचली, म्हणून वाम नळीच्या वरच्या तोंडातून आत शिरली आणि प्लेटखाली जाऊन राहिली. पेन्सिलीएवढी होती तेव्हा नळीतून वर यायची, खायची, परत जायची. ती आली की बुडबुडे थांबत. काका ते बाजूने रोज बघत आणि ठोकून सांगत. मी मात्र पंपाचा पडदा बदलत बसलो. अंधारात ती अंगठ्याएवढी जाड झाली, आणि आता नळीत अडकली होती. माणूस उपाशी राहून ठोकत होता, कारण ती अडकत चालली होती हे त्याला एकट्याला ठाऊक होतं.

"किशोरभाईंना बोलवा," मी इंदूबेनला सांगितलं. "आत्ताच्या आत्ता."

किशोरभाई दुकानातून येईपर्यंत मी मासे टबांत काढले, पाणी उपसलं. तो दारात उभा राहून ओरडला, "हे काय चाललंय गावडे? उद्या गाडी आहे आमची!"

"इकडे या. पप्पांच्या खुर्चीजवळ बसा."

"मी? खाली?"

"खाली. बघा नळीत."

तो पँट सावरत बसला. मग अगदी हळू म्हणाला, "बाप रे." आणि वळून वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

मी करवतीच्या पात्याने नळी तळाशी कापली आणि प्लेट उचलली. घाणीचा वास खोलीभर पसरला. कापलेली नळी टबात आडवी धरली तेव्हा वाम आपसूक बाहेर आली. हातभर लांब, आणि रंग गेलेला, फिक्कट, हाताच्या तळव्यासारखा. पाठीवरचे पट्टे पुसट. जिवंत. इंदूबेन रडत होती. काकांनी डावा हात उचलला. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. त्यांनी दोन बोटं दाखवली.

दोन. मी दोन सोडल्या होत्या.

मी प्लेटखालची घाण बोटांनी चिवडली. उजवी नळीही कापली. टाकी कोरडी केली. दुसरी वाम नव्हती. हाड नाही, काटा नाही. शास्त्र विचाराल तर मोठी वाम लहानीला खाते कधीकधी. शक्य आहे. किशोरभाईने तोच प्रश्न विचारला, "आणि दुसरी? ती नाही ना?"

मी आधी खिशातला पेन काढला. किशोरभाईकडून जुना कागद मागून घेतला, फाडला आणि नवा लिहिला: 'सदर टाकीत एक वाम आहे. मावजीभाई सुरुवातीपासून बरोबर सांगत होते. दुसरी मला दिसली नाही.' सही केली. पदवी लिहिली नाही.

नवीन टाकीत मी बारीक रेती घातली, प्लेट काढून टाकली आणि वामेसाठी पाइपाचा तुकडा ठेवला. ती त्यात राहिली, हळूहळू पट्टे परत आले. प्लेट गेली म्हणून बुडबुडे सोडायला एका कोपऱ्यात नुसता हवेचा दगड टाकला होता. पुढे एका दुपारी वाम आपल्या पाइपात झोपलेली मला समोर दिसत होती, आणि त्या दगडाचे बुडबुडे थांबले. मासे वर गेले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि चांगल्या असलेल्या अर्ध्या तोंडाने हसले. मग गुटक आवाज आला आणि बुडबुडे सुरू झाले. मी पंप तपासला नाही.

त्या दिवसापासून कुठल्याही गिऱ्हाइकाला मी 'नाही' असं लिहून दिलेलं नाही. धंद्यातली पोरं हसतात. हसू देत.

गुरुवारची गाडी किशोरभाईने रद्द केली. मावजीकाका पुढे पाच वर्षं जगले, स्वतःच्या घरात, त्याच खुर्चीत, आणि तिथेच गेले. त्याच वर्षी आम्ही डोंगरावरून खाली बोरिवलीला एका खोलीत राहायला आलो. घरात नळ होता.